आधी बादली, मग कुत्रा

महिन्यातून चार-पाच फोन येतात. "काकू, मला प्राण्यांसाठी काहीतरी करायचंय." आवाज बहुतेक पंचविशीतला आणि वेळ रविवारी रात्री दहानंतरची. मी एकच विचारते, "आठवड्यातला कुठला वार देणार?" पलीकडे जरा शांतता. मग, "तसं नाही, जमेल तेव्हा येईन की." जमेल तेव्हा येणाऱ्यांची आमच्याकडे भली मोठी यादी आहे. फोटोला माणसं कमी पडली की उपयोगी येते.

मी ब्लाउज शिवते. पुण्यात अरण्येश्वरजवळ माझं दुकान आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा दुकानात कमरेइतकं पाणी होतं. शटर वाकून अर्धवट उघडलं होतं. सकाळी गाळ काढायला गेले तर कटिंगच्या टेबलावर, गिऱ्हाइकांच्या कापडांच्या गठ्ठ्यावर एक कुत्री तीन पिल्लं पोटाशी घेऊन बसलेली. माझ्याकडे बघून गुरगुरली. दुकान तिचंच असल्यासारखी. तिला न्यायला बोपदेव घाटाच्या अलीकडच्या, जखमी-बेवारशी प्राणी सांभाळणाऱ्या एका केंद्राची गाडी आली. मी कापडं परत मिळतील म्हणून मागोमाग गेले आणि तिथल्या ताईंनी माझ्या हातात खराटा दिला. तेव्हापासून मंगळवार तिथला. नवीन येणाऱ्यांना काम शिकवायचं हल्ली माझ्याकडेच असतं, म्हणून जे रोज तोंडी सांगते ते एकदा लिहून काढते.

पहिली गोष्ट वाराची. आमच्याकडे साठ-पासष्ट कुत्री, वीसेक मांजरं, दोन गाढवं आणि पगारी माणसं चार. रविवारी बारा जण मदतीला येतात, बुधवारी कोणी नाही. कुत्र्यांना वार कळत नाहीत, पण रविवारी बारा जणांनी लाडानं बिस्किटं भरवली की सोमवारी सकाळी धुणाऱ्याला बरोबर कळतं. तेव्हा दोनच तास द्या, पण वार ठरवून द्या आणि शक्यतो मधला द्या. आयटीवाल्यांना हिंजवडीहून बुधवारी जमणार नाही हे मला समजतं. मग सकाळी सहा ते आठ या. त्या वेळीच खरं काम असतं.

येण्याआधी रेबीजची लस घ्या. चावल्यावर घ्यायची वेगळी, ही आधी घ्यायची. पहिल्या दिवशी एक, सात दिवसांनी दुसरी आणि पहिलीपासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरी. तुमच्या डॉक्टरांना "प्री-एक्स्पोजर" एवढं म्हटलं की कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारून घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: आधी लस घेतली असली तरी चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेला लाळ लागली की पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात, त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. त्याआधी जखम वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. परवा एक मुलगा म्हणाला, "काकू, पिल्लूच होतं हो, दात पण नीट आले नव्हते." त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

कपडे जुने, सुती, पूर्ण बाह्यांचे. ओढणी नको, लोंबते कानातले नकोत, काचेच्या बांगड्या तर नकोतच. पायात रबरी गमबूट. हे बूट केंद्रातच ठेवायचे, घरी आणायचे नाहीत. पार्व्हो नावाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि बुटाच्या तळव्यावरून घरच्या पिल्लापर्यंत पोचतो. घरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर ती पूर्ण होईपर्यंत केंद्रात येऊच नका; तोवर दुसरी कामं आहेत, पुढे सांगते.

धुणं

पहिला महिना तुम्ही फक्त धुणार आहात. हे ऐकून निम्मे जण गळतात, आणि ते आधीच गळलेले बरे.

धुण्याला क्रम असतो. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी निरोगी कुत्री, मग खरूजवाली, आणि सगळ्यात शेवटी आयसोलेशन, म्हणजे पार्व्हो-डिस्टेंपर अशा पसरणाऱ्या रोगांच्या खोल्या. उलट गेलात तर खराट्याबरोबर तुम्हीच रोग वाटत फिरता. आयसोलेशनची बादली, खराटा, हातमोजे सगळं वेगळं. आमच्याकडे त्यांना लाल रंग दिलाय. लाल बादली घेऊन पिल्लांच्या दारात दिसलात तर आमच्या ताई जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

आधी शी उचलायची, मग साध्या पाण्यानं आणि साबणानं फरशी घासायची, मगच ब्लीच. घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. बाजारात मिळणारं पातळ ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला साधारण ३३० मिली. दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, मग भरपूर पाण्यानं धुऊन कोरडी करायची. प्राणी तोवर बाहेर. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. लघवी साठलेल्या जागीही आधी पाणी मारा, नाहीतर डोळे झोंबतात.

आणि मांजरांच्या खोलीत फिनेल न्यायचं नाही. आपल्याकडे स्वच्छतेचा वास म्हणजे फिनेलचा वास, त्यामुळे नवीन माणूस हमखास हीच चूक करतो. मांजराच्या यकृताला त्यातली द्रव्यं मोडता येत नाहीत. फिनेलच्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि तसंच ते पोटात जातं. तुमच्या घरी मांजर असेल तर हा परिच्छेद केंद्रात न येताही उपयोगाचा आहे.

धुताना कुत्र्याकडे लक्ष देऊ नका. खरंच सांगते. खोलीत शिरायचं, त्याच्याकडे पाठ नाही पण कूस करून आपलं काम करायचं. दोन-तीन दिवसांत ते स्वतः येऊन तुमची पोटरी हुंगतं. तेव्हाही डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. वरून येणारा हात त्यानं रस्त्यावर दगडासकट पाहिलेला असतो. हात खाली, मुठीसारखा, छातीच्या बाजूनं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असंही नाही. शेपूट ताठ, वर आणि जरा जरा हलत असेल तर थांबा. जांभया देतोय, ओठ चाटतोय, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय, मान वळवतोय, हे सगळं "लांब राहा"च आहे. गुरगुरणाऱ्याला रागावू नका. तो सांगून चावणारा आहे. न सांगता चावणारा जास्त त्रासदायक.

खाण्याचं थोडक्यात. घरून काही आणायचं नाही. शिळी मिसळ, कांदेपोहे, बिर्याणी, वाढदिवसाचा केक, सगळं लोकांनी आणून झालंय. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला बाधतात, चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषासारख्या, आणि शिजलेल्या कोंबडीचं हाड फुटून आतड्यात टोचतं. भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन केंद्रात शिजतं, ते प्रत्येकाच्या मापानं वाढलं जातं. भांडी लांब लांब ठेवायची आणि खाणाऱ्या दोघांच्या मधे उभं राहायचं नाही.

तात्या

महिना टिकलात की तुम्हाला एखादा प्राणी नेमून देतात. मला तात्या दिला होता. सहा-सात वर्षांचा, तपकिरी, एक कान पडलेला. ट्रकनं उडवल्यानं कंबरेखाली लुळा. अशा कुत्र्याला लघवी आपली आपण होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा हातानं मूत्राशय दाबून काढावी लागते, नाहीतर आत साठून जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडं जातात.

हे डॉक्टरांनी तुमचे हात धरून शिकवल्याशिवाय करायचं नाही, पण कसं असतं ते सांगते. कुत्र्याला उभ्यासारखं धरायचं, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे आणि हळूहळू आत न्यायचे. आतडी मऊ, निसटती लागतात; मूत्राशय पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं गोल लागतं. ते सापडलं की दोन्ही तळव्यांनी एकसारखा दाब द्यायचा, शेपटीच्या दिशेनं. झटका नाही, बोटांची टोकं नाहीत. पहिले काही मंगळवार मला काही सापडतच नव्हतं. तात्या मान वळवून माझ्याकडे बघायचा, नवशिक्या कारागिराकडे गिऱ्हाईक बघतं तसा. एका मंगळवारी सापडलं आणि धार थेट माझ्या बुटात गेली. मी इतकी ओरडले की शेजारच्या खोल्यांतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

मागचे पाय फरफटून त्याची कातडी सोलवटायची, म्हणून मी त्याला पिशवी शिवली. कंबरेपासून मागे पूर्ण झाकणारी, पाठीवरून पट्टा. जुन्या जीन्सची, मजबूत. डबल शिलाई घातली, आतून इंटरलॉक केलं, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पुढच्या मंगळवारी गेले तर त्याच्या मांडीवर चार बोटं लांब लालभडक रेघ, बरोबर माझ्या शिलाईची. ब्लाउजची शिवण आत टोचली तर बाई सांगते. तात्याला मांडीत काही जाणवतच नव्हतं, तो काय सांगणार? पंधरा दिवस ड्रेसिंग लागलं.

तेव्हापासून आमच्याकडच्या सगळ्या पिशव्या उलट्या असतात: शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू आत. आतून जुनं मऊ सुती कापड, खाली घासणाऱ्या भागाला रेक्झिनचा तुकडा, पोटाला इलॅस्टिक अजिबात नाही, वेल्क्रो. दोन तासांवर एका वेळी घालायची नाही आणि काढल्यावर कातडी हातानं चाचपून बघायची. कोणाला शिवायची असेल तर माप मी सांगते, कटिंग अर्ध्या तासाचं आहे. टाके घातलेल्या कुत्र्यासाठी तर याहून सोपं: लहान मुलाचा जुना टी-शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून, मागे गाठ. टाके चाटत नाही.

जुने कपडे देणाऱ्यांसाठी याच ओघात: टॉवेल, सुती चादरी, पंचे, धोतरं, गोधड्या आणा. जरीच्या साड्या, नायलॉन, चेन-बटणं असलेली जाकिटं आणू नका. बटण तोडून गिळलं की ऑपरेशन. वर्तमानपत्रांची रद्दी मात्र कितीही चालेल.

तात्याच्या खोलीबाहेर वही टांगलेली असे, प्रत्येकाच्या असते. तिच्यात "आज छान होता" लिहिलेलं चालत नाही. किती वाजता, किती खाल्लं, पाणी प्यायला का, लघवीचा रंग, शी घट्ट की पातळ, हे लिहायचं. मी एकदा "लघवीला वास जास्त, रंग गढूळ" एवढं लिहून गेले होते. संध्याकाळी डॉक्टरांनी ते वाचून तपासणी केली, संसर्ग निघाला आणि वेळेत औषध सुरू झालं. मी फक्त नाकानं काम केलं होतं.

रस्त्यावर सापडला तर

जखमी प्राणी दिसला की आधी फोन, मग हात. फोनवर "स्वारगेटजवळ" असं सांगू नका. स्वारगेटजवळ अर्धं पुणं आहे. लोकेशन, फोटो आणि समोरच्या दुकानाची पाटी पाठवा आणि गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. जखमी कुत्रं पाच मिनिटांत कुठल्या तरी गाडीखाली सरकतं आणि मग गाडीवाले दादा तासभर वाकून वाकून शोधतात.

उचलायचंच झालं तर त्याच्यावर चादर टाकून, डोकं झाकून. वेदनेत ओळखीचंही कुत्रं चावतं. तोंड बांधायचं तर सुती पट्टीनं, पण उलट्या करत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधायचं नाही. पाठीला मार वाटला तर फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर सरकवा, चार पाय धरून उचलू नका. तोंडात पाणी ओतू नका. पक्ष्यांच्या चोचीत तर कधीच नाही, ते फुप्फुसात जातं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. तिथे टर्पेंटाइन, रॉकेल ओतायचं हे जुनं डोक्यातून काढा, जनावर भाजतं.

कोणी मुद्दाम मारलेलं असेल तर पोलिसांत जा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. साध्या ब्लाउजची शिलाई याहून कितीतरी जास्त आहे. म्हणून तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलमही लावायला सांगा. प्राण्याला ठार किंवा अपंग करण्यावर त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घार, घुबड, मुंगूस, माकड, पोपट, साप यांचं प्रकरण वेगळं. हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, घरी ठेवून बरे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. बावधनला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, रेस्क्यू ही संस्था ते सांभाळते. संक्रांतीच्या आठवड्यात घारी मांज्यात अडकलेल्या सापडतात. नायलॉन मांज्यावर हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, पण झाडांवर तो अजून लटकलेला दिसतो. पंखातला मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा, पंखाभोवतीचा गुंता तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाहुण्यांना उघडून दाखवू नका. मे-जूनमध्ये मात्र जमिनीवर सापडलेलं, पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं. आईबाप वरच्या फांदीवर असतात. उचलून जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही.

ज्यांना केंद्रात येता येत नाही त्यांनी काय करायचं? चारचाकी असेल तर महिन्यातून एकदा ड्रायव्हर व्हा. याची सगळ्यात जास्त गरज असते. आई नसलेली मांजराची पिल्लं दोन-तीन आठवडे घरी सांभाळा. आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गाईचं दूध नको, हगवण लागते, पिल्लांची दूधपावडर मिळते. पोटावर पालथं ठेवून पाजायचं, बाळासारखं उताणं नाही. आणि प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कापसानं खाली पुसायचं, तेव्हाच त्यांना शी-शू होते. रात्री दर तीन तासांनी उठावं लागतं. बाळंतपणं काढलेल्या आज्या यात एकदम पटाईत, सोसायटीत विचारून बघा.

सोसायटीतली कुत्री हा भांडणाचा विषय, त्यात मी फार शिरत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवर आहे: जिने, दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ठरलेल्या जागीच घाला असं सांगितलं. तुम्ही आधी कान बघा. त्रिकोणी खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर खाऊच्या आधी तेवढं करून घ्या. आणि घातल्यावर भांडं उचला. निम्मी भांडणं त्या न उचललेल्या भांड्यावरून होतात.

तात्या मागच्या वर्षी पावसाळ्यात गेला. मी दोन मंगळवार गेले नाही. तिसऱ्या मंगळवारी ताईंचा फोन आला. सांत्वन वगैरे काही नाही, "लाल बादलीचं हँडल तुटलंय, येताना आण." मी बोहरी आळीतून आणलं. प्राणी गेल्यावर येणं बंद करणारे पुष्कळ असतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त फोन करून सांगा, म्हणजे तो वार रिकामा राहत नाही.

पहिल्या दिवशी येताना एक जुना टॉवेल, स्वतःची पाण्याची बाटली आणि लसीचा कागद आणा. फाटकाला घंटा आहे, ती वाजवू नका, साठ कुत्री एकदम सुरू होतात आणि मग डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. मिस्ड कॉल द्या, कोणीतरी येऊन कडी काढेल. मंगळवारी आलात तर मीच.